बावीस महिन्यांचे मूल जेवत नाही: आधी दुधाचा हिशोब मांडा

प्रश्न वारज्यातील एका आईचा आहे. तिची मुलगी साडेसहा वर्षांची असून पहिलीत आहे आणि मुलगा 22 महिन्यांचा आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, त्यामुळे दिवसभर मुलांना सासूबाई सांभाळतात. मुलगा जेवायला बसवले की तोंड फिरवतो, मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही, दूध मात्र आवडीने पितो आणि अलीकडे भिंतीचे पोपडे चाटू लागला आहे. गेल्या महिन्यात तपासलेले हिमोग्लोबिन 9.4 निघाले व डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. मुलीचा डबा अर्धा परत येतो. ही आई पहाटे उठून मुलासाठी वेगळे, मुलीसाठी वेगळे आणि मोठ्यांसाठी वेगळे असा स्वयंपाक करते, आणि तिची विचारणा अशी आहे की मुले आवडीने खातील अशा पौष्टिक पदार्थांच्या पाककृती सांगाव्यात.

पाककृती मी सांगणारच आहे, पण थोड्या उशिराने. गेली बावीस-तेवीस वर्षे मी पुण्यात मुलांच्या आहाराविषयी सल्ला देण्याचे काम करते आहे आणि ‘जेवत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या दर दहा घरांपैकी सात-आठ घरांत स्वयंपाकात काहीही उणे नसते, हा माझा अनुभव आहे. तुमच्याही घरी तसेच दिसते. तुमच्या मुलाला दिवसभरात खरी भूक लागण्याची संधीच मिळत नाही, आणि भूक नसलेल्या मुलापुढे सोन्याच्या ताटात पंचपक्वान्ने ठेवली तरी ते तोंड फिरवणारच.

तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरूनच हिशोब करू. मुलगा दिवसाला 250 मिलीच्या चार बाटल्या, म्हणजे एक लिटर दूध पितो. गायीच्या दुधातून 100 मिलीमागे साधारण 65 किलोकॅलरी मिळतात, तेव्हा एका लिटरच्या झाल्या 650. प्रत्येक बाटलीत तुम्ही साखर किंवा चॉकलेटी पावडर मिळून दोन चमचे घालता, त्यांच्या चारही बाटल्यांच्या मिळून आणखी दीडशेच्या वर. शिवाय ‘काही तरी पोटात जाऊ दे’ म्हणून आजी दुपारी आणि संध्याकाळी जी चार-पाच बिस्किटे देतात, त्यांच्या शंभरेक. बेरीज नऊशेच्या पुढे गेली. या वयाच्या मुलाची दिवसाची एकूण गरज हजार-अकराशेच्या आसपास असते. म्हणजे जेवणासाठी पोटात जागा उरली ती एका वाटी वरणभाताची, आणि तेवढे तर तो तुमच्या सांगण्याप्रमाणे मोबाईलपुढे का होईना, पण खातो! मूल हट्टी नाही, ते अगदी काटेकोर हिशोबाने चालले आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. जन्माच्या वेळी 2.8 किलो, वर्षाचा झाला तेव्हा 9 किलो आणि आता 10.7 किलो असे तुम्ही लिहिले आहे, आणि ‘दहा महिन्यांत दोन किलोसुद्धा वाढला नाही’ अशी चिंता व्यक्त केली आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोंनीच वाढते आणि त्यानंतर शाळेत जाईपर्यंत वर्षाला दोनेक किलो. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. नेमक्या याच वयात घरातील मोठी माणसे घाबरतात, कारण दहाव्या महिन्यात वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारे मूल आता चार घासांवर उठते. तुमच्या मुलाचे वजन वाढीच्या तक्त्यावर मध्यरेषेच्या थोडे खाली, पण सर्वसाधारण पट्ट्यातच आहे. मुलीचे 18.5 किलो वजन आणि 113 सेंटिमीटर उंची यांतही काळजीचे कारण नाही. वजनाकडे एकाच आकड्याने पाहू नये. दर तीन महिन्यांनी तक्त्यावर ठिपका टाकावा आणि ठिपके आपल्या रेषेच्या आसपास वर चढत आहेत का, एवढे पाहावे.

गुबगुबीत मूल म्हणजे सुदृढ मूल, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, म्हणून येथे थोडे विषयांतर करते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात असे दिसले की आपल्याकडची नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नसते. कमी असतात ते स्नायू. त्यामुळे वरून साखर, चॉकलेटी पावडर आणि तुपाची धार वाढवून वजनाचा आकडा पुढे ढकलण्यात मला कधीच शहाणपण वाटलेले नाही. चमचाभर तूप वरणभातावर अवश्य घालावे. तीन चमचे घालून मुलाचे उरलेसुरले पोटही भरून टाकू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे रक्ताकडे येते. 2 ते 5 वर्षांच्या मुलांमध्ये हिमोग्लोबिन 100 मिली रक्तामागे 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास, आणि त्याहून लहान मुलांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या नव्या निकषानुसार 10.5 पेक्षा कमी असल्यास, रक्तक्षय मानला जातो. तेव्हा 9.4 हा आकडा स्पष्टपणे कमी आहे. भिंत, माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची ओढ हेही लोहाच्या कमतरतेचे परिचित लक्षण आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हा केवळ गरिबीचा रोग नाही. माझ्याकडे येणारी यातली अनेक मुले कोथरूड, बाणेर, औंध येथील सुस्थित घरांतली असतात आणि त्यांच्या घरी दुधाच्या पिशव्यांचा रतीब भरपूर असतो. दुधात लोह जवळजवळ नसतेच. शिवाय दुधातील कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणजे जास्त दूध दोन बाजूंनी घात करते: लोहाचे अन्न पोटात जाऊ देत नाही आणि जे थोडे जाते तेही अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गरज म्हणाल, तर या वयाला दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. एका लिटर दुधातून त्याच्या दुपटीहून अधिक जाते.

म्हणून पहिले काम दूध 400 मिलीच्या आसपास आणण्याचे, आणि तेही बाटलीतून न देता पेल्यातून. हे एका दिवसात करू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत साखर आणि पावडर निम्म्यावर आणून मग बंद करा. या पावडरींविषयी एवढेच सांगते की 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली न दाखवण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात अशा नावाचा कोणता प्रकारच नाही. त्यांतील बऱ्याच डब्यांवरील घटकांची यादी वाचली तर साखर पहिल्या दोन-तीन नावांत सापडते. नंतर सकाळी दहाची बाटली काढून त्या वेळी फळ द्या. त्यानंतर दुपारच्या झोपेआधीची बाटली काढा. रात्रीची, झोपताना तोंडात असणारी बाटली सर्वांत शेवटी, कारण तिला दुधापेक्षा सवय जास्त चिकटलेली असते. मात्र ती गेलीच पाहिजे, कारण दूध तोंडात घोळवत झोपल्याने पुढचे दात किडतात. तिच्या जागी जेवण झाल्यावर अर्धा पेला दूध, मग दात घासणे, मग गोष्ट. एकूण दहा-बारा दिवस लागतील. आपल्या आज्यांच्या काळात दूध पाजायला बोंडले, म्हणजे चोचीचे छोटे भांडे असे, ते धुवायला सोपे असे आणि मूल फार काळ त्याला लटकून राहत नसे. प्लॅस्टिकच्या बाटलीने ती सोय घालवली, असे मला नेहमी वाटते.

दूध कमी झाले की वेळापत्रक लावावे लागते. साडेसातला अर्धा-पाऊण पेला दूध, नऊच्या सुमारास न्याहारी, बाराला जेवण, झोपेतून उठल्यावर साडेतीन-चारला फळ किंवा घरचा खाऊ, साडेसातला सर्वांबरोबर जेवण, आणि झोपताना अर्धा पेला दूध. मधल्या वेळात पाणी, बाकी काही नाही. बिस्कीट नाही, खारी नाही, ‘एकच चुरमुरा’ नाही. ताट पुढे आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत जेवढे खाईल तेवढे खाऊ द्यावे आणि नंतर ताट न बोलता उचलावे. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने. बालआहाराच्या क्षेत्रात जगभर रूढ असलेला हा नियम ऐकायला सोपा आहे आणि पाळायला अतिशय कठीण, हे मला ठाऊक आहे. पहिले तीन-चार दिवस तो रडेल, दुपारी दोन घासांवर उठेल आणि चारच्या आधीच दूध मागेल. त्या क्षणी घरातील एकाही माणसाने बाटली काढली, तर सगळे मुसळ केरात. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र तो जेवणाच्या आधी स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी रेंगाळू लागेल. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता आयांना तारीख लिहून ठेवायला सांगते.

मोबाईल याच आठवड्यात बंद करावा लागेल. पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला आपण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले हे कळत नाही, आणि नव्या चवीशी त्याची ओळखही होत नाही. याउलट चिऊचा घास, काऊचा घास ही आपली जुनी पद्धत मला आजही प्रिय आहे, कारण तीत मूल ताटाकडे आणि भरवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असते. मूल नको म्हणाले की चिऊही उडून जाऊ द्यावी, एवढे पथ्य मात्र पाळावे. बावीस महिन्यांच्या मुलाला स्वतःच्या हाताने खाण्याची संधीही द्या. फरशीवर जुने वर्तमानपत्र अंथरा आणि भाताची शिते सांडू द्या.

आता स्वयंपाकाविषयी. पहाटे उठून तीन प्रकारचे अन्न शिजवणे आजपासून बंद करा, ही माझी विनंती समजा किंवा सूचना. घरात एकच स्वयंपाक व्हावा आणि त्यातून लहान मुलाचा वाटा योग्य क्षणी बाजूला निघावा. आमटीत तिखट घालण्याआधी त्याची वाटी काढून घ्या. नावापुरता गूळ, आमसूल आणि चिमूटभर गोडा मसाला त्याला चालतो. पालकाची पातळ भाजी तुम्ही करताच. तिच्यातील हरभऱ्याची डाळ बोटाने मऊ दाबली जाईल इतकी शिजवा, शेंगदाणे अख्खे न घालता कूट घाला आणि मिरची फोडणीत न घालता वरून वेगळी द्या. पालकाच्या जागी चाकवत, अंबाडी, तांदुळजा काहीही चालेल. वरणफळे हा पदार्थ तर जणू याच वयासाठी जन्मला आहे: कणकेचे तुकडे आमटीत शिजून मऊ होतात, बोटांनी उचलता येतात, आणि मोठी माणसेही तेच आवडीने खातात. आठवड्यातून दोन संध्याकाळी वरणफळे केलीत, तर कार्यालयातून आल्यावर पोळ्या लाटण्याचे कामही वाचेल.

लोहाच्या दृष्टीने माझी पहिली पसंती बाजरी आणि मोडाची कडधान्ये यांना. बाजरीत 100 ग्रॅममागे 6 ते 8 मिलिग्रॅम लोह असते, तर पांढऱ्या तांदळात ते एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी. 1 ते 3 वर्षांच्या मुलाची रोजची गरज 8 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, तुमच्या मुलीच्या वयाला 11. घरच्या भाजणीत बाजरी थोडी जास्त घेऊन केलेले मऊ थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. त्यात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेली मेथी. बाजरीची भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून. मटकी किंवा मूग रात्री भिजवून, मोड आणून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून आणि मुलासाठी पळीने घोटून. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या तिन्ही क्रियांनी धान्यातील लोह अडवून ठेवणारा भाग कमी होतो, त्यामुळे मोडाची उसळ ही केवळ चवीची गोष्ट राहत नाही. मुगाच्या पिठाचे धिरडे, मसुराची आमटी, राजगिऱ्याचा मऊ लाडू, तिळकूट आणि कारळ्याची चटणी पोळीवर पसरून, हे सर्व याच रांगेतले. तुमच्या घरी अंडी चालतात असे लिहिले आहे, तर दिवसाआड एक अंडे दोघांनाही द्या. चिकन किंवा मासे खात असाल तर त्यांतील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा सहज शोषले जाते. आठवड्यातून एक-दोनदा मऊ शिजवून, काटे नीट काढून द्यावेत.

जेवणावर लिंबू पिळणे ही आपल्याकडची जी रीत आहे, तिचा अर्थ या संदर्भात फार मोठा आहे. क जीवनसत्त्वामुळे भाजी, भाकरी आणि कडधान्यांतील लोहाचे शोषण लक्षणीय वाढते. पोह्यांवर लिंबू, वरणभातावर लिंबू, उसळीवर लिंबू. मात्र पदार्थ आचेवरून उतरवल्यावर, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. कोथिंबीर, टोमॅटो, आवळा, पेरू, संत्रे यांनीही तेच काम होते. पेरूच्या बिया लहान मुलाला जड जातात, म्हणून गर काढून द्या. याच्या उलट, चहा लोहाचे शोषण रोखतो. आजी आपल्या बशीतला घोटभर चहा नातवाला देत असतील, तर तो बंद करणे आवश्यक आहे. हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मी विचारते तेव्हा निम्म्या घरांत तो निघतोच.

एक लोखंडी कढई आणि एक लोखंडी तवा घरात हवा. आंबटसर पदार्थ, म्हणजे टोमॅटो किंवा चिंच घातलेली भाजी-आमटी, लोखंडी कढईत शिजवली तर त्यात कढईतले लोह थोडे उतरते. भाजी थोडी काळपट दिसेल. ती त्याच कढईत रात्रभर ठेवू नका, चव बिघडते. गावाकडे धूळ खात पडलेली जुनी कढई असेल तर ती आणा, घासून तेल लावून ठेवा.

बीट, डाळिंब आणि गूळ यांविषयी प्रत्येक आई विचारते. बीट व डाळिंब रंगाने लाल आहेत, म्हणून रक्त वाढवतात असा समज आहे. प्रत्यक्षात दोन्हींत लोह फार कमी असते. फळ-भाजी म्हणून ती उत्तमच, औषध म्हणून नव्हे. डाळिंबाचे दाणे लहान मुलाला चुरून द्यावेत. गुळाच्या एका खड्यातून मिळणारे लोह नगण्य आहे आणि गूळही शेवटी साखरच आहे. दोन वर्षांच्या आत वरून साखर किंवा गूळ जितका टाळता येईल तितका टाळावा. नाचणीसंबंधी थोडे वेगळे सांगायचे आहे. नाचणी कॅल्शियमची खाण आहे, 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम; दूध कमी केल्यावर मन घट्ट ठेवायला हा आकडा उपयोगी पडेल. लोहासाठी मात्र बाजरी तिच्यापेक्षा सरस. नाचणी मोड आणून, वाळवून, दळून ठेवली, तर तिची पेज पातळ राहूनही तीत पीठ जास्त मावते, कारण मोड येताना तयार होणारी विकरे (एन्झाइम) पिठातील स्टार्च तोडतात. थोडे खाणाऱ्या मुलाला त्यामुळे कमी घासांत जास्त अन्न मिळते. ती दुधात न शिजवता पाण्यात शिजवून वरून ताक घाला, म्हणजे आंबील झाली. बाजारातील रंगीत डब्यातल्या तयार नाचणीच्या पाकिटांत साखर किती आहे ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

मऊ भातासाठी आंबेमोहोर मिळाल्यास अवश्य वापरा. मुळशीचा हा तांदूळ थोड्या पाण्यातही छान गुरगुट्या होतो आणि त्याच्या नुसत्या वासाने मुले ताटाशी येतात. मेतकूट, तूप, मीठ आणि लिंबू: तापातून उठलेल्या मुलासाठी याहून चांगले मी काही जाणत नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र सणासुदीपुरती. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसते, जे काही पोषण आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचे.

फळांसाठी हंगाम पाहा. मंडईत पुरंदरचे अंजीर येते तेव्हा ते मऊ, पिकलेले असताना द्या. सीताफळ द्यायचे तर प्रत्येक बी स्वतः काढून, कारण ती घशात अडकू शकते आणि चावली गेल्यास विषारीही असते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांपर्यंत हातात देऊ नयेत. द्राक्ष उभे चिरून चार तुकडे करावे. खाताना मूल बसलेले असावे, पळत नसावे.

एखादी भाजी मुलाने तीनदा नाकारली म्हणून तिचे नाव टाकू नका. नवी चव स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. ताटाच्या कडेला दोन चमचे भाजी आणि जवळ ओळखीचा एक पदार्थ, एवढेच करावे. ‘एक घास खाल्लास तर चॉकलेट’ हा सौदा करू नये, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस. भाजी पराठ्यात लपवण्यास माझी हरकत नाही, पण तीच भाजी उघडपणेही ताटात दिसली पाहिजे.

मुलीचा डबा. छोटी सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची असते, त्यात हात धुणे, मैत्रिणींशी बोलणे आणि डब्याचे घट्ट झाकण उघडणे हे सर्व येते. सहा वर्षांची मुलगी तेवढ्या वेळात दीड पोळी आणि वाटीभर भाजी संपवू शकत नाही, मग ती डबा परत आणते आणि घरी प्रश्नांना सामोरी जाते. डब्यात पाच मिनिटांत संपेल एवढेच द्या: एका पोळीची गुंडाळी चार तुकड्यांत कापून आत उसळ कोरडी करून, किंवा दोन छोटी धिरडी, किंवा तिखटमिठाच्या दोन छोट्या दशम्या आणि चटणी. कणीक दुधात किंवा थोडे दही घालून भिजवली, तर पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. मोठ्या सुट्टीसाठी फळ वेगळ्या डब्यात. रविवारी तिला शेजारी बसवून पुढच्या पाच दिवसांचे डबे ठरवा. दोन पर्याय तुम्ही द्या, एक तिने निवडावा. मटकी निवडणे, मोड आलेले कडधान्य धुणे, कोथिंबीर खुडणे ही कामे तिला आवडतील, आणि स्वतःच्या हाताने मोड आणलेली मटकी तीच मैत्रिणींना दाखवेल. शाळेतून आल्यावर दारातच ‘डबा संपवलास का?’ हा प्रश्न मात्र महिनाभर बंद. तिला भूक लागलेली असेल तर ती स्वयंपाकघरात येईलच, आणि तेव्हा समोर पूर्ण जेवण असू द्या.

सासूबाईंचा विषय तुम्ही हळूच एका ओळीत लिहिला आहे, पण माझ्या मते तोच निर्णायक आहे. दिवसाचे नऊ-दहा तास मुलगा त्यांच्याजवळ असतो. त्यांच्या बाटल्या आणि बिस्किटे ही माया आहे, आणि थकलेल्या हातांची सोयही आहे. रडणारे मूल दिवसभर सांभाळणे सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाला सोपे नसते. तुम्ही संध्याकाळी येऊन ‘आई, तुम्ही त्याला पुन्हा दूध दिलेत का?’ असे विचारलेत, तर उत्तर मिळेल, पण खरे मिळणार नाही. त्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांनाच मुलाबरोबर डॉक्टरांकडे न्या आणि हिमोग्लोबिनचा कागद त्यांना दाखवून दुधाचे प्रमाण डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. नाचणीला मोड आणणे, भाजणी भाजणे, मेतकूट करणे या गोष्टी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच चांगल्या येत असतील. ते खाते त्यांच्याकडे सोपवा. दुपारच्या जेवणासाठी काही शिजवायला न लागता नुसते गरम करता येईल अशी उसळ किंवा वरण सकाळी करून ठेवा, म्हणजे बिस्किटाच्या डब्याकडे हात जाणार नाही. आणि तो डबा, खरे सांगायचे तर, घरात आणूच नका.

लोहाच्या थेंबांविषयी काही सूचना. आहार बदलल्याने 9.4 चे 11 होण्यास फार वेळ लागेल, म्हणून थेंब चालूच ठेवायचे आहेत. मात्रा डॉक्टरांनी दिली आहे तीच. ते दुधाबरोबर किंवा दुधानंतर लगेच देऊ नका. दोन खाण्यांच्या मध्ये, चमचाभर मोसंबीच्या किंवा लिंबाच्या रसाबरोबर, जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि नंतर पाणी पाजा, म्हणजे दातांवर काळे डाग पडणार नाहीत. शी काळसर होईल, घाबरू नका. जंतांचे औषध गेल्या सहा महिन्यांत दिले नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सरकारी मोहिमेत 10 फेब्रुवारीला अंगणवाड्यांतून ते दिले जाते, पण सोसायट्यांतील मुले त्यातून सुटतात. साधारण चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. तोवर हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने वाढायला हवे. वाढले तर उपचार योग्य दिशेने चालला आहे, आणि आकडा 11 च्या पुढे गेल्यावरही डॉक्टर दोन-तीन महिने थेंब चालू ठेवायला सांगतील, कारण शरीरातील साठा भरून काढायचा असतो. बहुतेक घरे येथेच चुकतात. आकडा सुधारला की बाटली फडताळात जाते आणि सहा महिन्यांनी तीच कहाणी पुन्हा सुरू होते. चार आठवडे नियमित थेंब देऊनही आकडा हलला नाही, तर मात्र केवळ आहारावर विसंबून न राहता थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकतेसह इतर कारणे तपासून घ्यावी लागतील.

आणखी काही लक्षणे दिसली, तर वेळापत्रक जमण्याची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे: वजन सलग दोन वेळा घसरणे, प्रत्येक जेवणाला ठसका लागणे किंवा उलटी होणे, बावीस महिन्यांनंतरही गुठळी असलेले काहीच न गिळता येणे, सतत पातळ व दुर्गंधीयुक्त शी होणे.

दुधाचे प्रमाण आणि जेवणाच्या वेळा दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी ती वहीच घेऊन या. काय खाल्ले त्याच्यापुढे किती वाजता खाल्ले तेही लिहा, आणि चहाची बशी निघाली तर तीही.